परदेशात कार्ड वापरल्यावर बिल कुठे वाढते?

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून आलेले आपले सविस्तर पत्र आणि त्यासोबतच्या स्टेटमेंटच्या प्रती मिळाल्या. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपल्या पत्राचा गोषवारा आधी देते. आपण आणि आपले यजमान, दोघेही सेवानिवृत्त शिक्षक, गेल्या वर्षी म्युनिकला लेकीकडे गेला होता आणि तेथून तीन रात्री साल्झबर्गला राहून आलात. या प्रवासात क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चाची प्रत्येक पावती आपण जपून ठेवली आणि घरी परतल्यावर बेरीज केली, तेव्हा सुमारे २,१०० युरोंचा खर्च निघाला. बँकेने मात्र आपल्या हिशेबापेक्षा ११ हजार रुपयांच्या आसपास जास्त रक्कम लावली होती. साल्झबर्गच्या हॉटेलचे पैसे तर यजमानांनी मुद्दाम रुपयांत दिले होते, तरीही त्यावर वेगळे शुल्क लागले. रेल्वेची रद्द केलेली तिकिटे परत केल्यावर पूर्ण पैसे आले नाहीत. आता येत्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी पुन्हा जायचे आहे, त्यातच स्वित्झर्लंडचीही एक छोटी फेरी ठरली आहे, आणि ट्रॅव्हल एजंट युरोचे फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच युरो भरून ठेवलेले कार्ड, घ्या असे म्हणत आहे. बँकेने फसवले का आणि या वेळी काय करावे, असे आपण विचारता.

फसवणूक झालेली नाही. पावत्या ठेवण्याची आपली सवय इतकी चांगली आहे की तिच्या आधारे या ११ हजारांतला जवळजवळ प्रत्येक रुपया कुठे गेला ते दाखवता येते. त्यातला मोठा भाग पुढच्या वेळी आपण वाचवू शकता. आकडे डोळ्यांसमोर नीट राहावेत म्हणून या उत्तरात सर्वत्र १ युरो १०० रुपयांचा धरला आहे.

भारतीय बँकेचे कार्ड परदेशात वापरले की युरोंचे रुपये करण्याचे काम बँक करत नाही, ते कार्डाचे नेटवर्क करते, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड यांपैकी ज्याचे चिन्ह आपल्या कार्डावर असेल ते. हा दर बहुधा रास्त असतो. मात्र गूगलवर दिसतो तो बाजारातला मधला दर, आणि त्या दराने सामान्य ग्राहकाला कुठेच चलन मिळत नाही. शिवाय नेटवर्कचा दर अनेकदा लागतो तो व्यवहार त्यांच्याकडे पोचून नोंदला गेला त्या दिवसाचा, आपण पैसे दिले त्या दिवसाचा नव्हे. त्यामुळे शनिवारी केलेल्या खरेदीला सोमवारचा दर लागलेला दिसला तर त्यात वावगे काही नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढून देणारी सोय आहे. तेथे तारीख, चलन आणि आपल्या बँकेच्या शुल्काची टक्केवारी भरली की रुपयांतली रक्कम कळते. पावती आणि स्टेटमेंट यांचा ताळा करायचा असेल तर याच दराशी करावा.

या दरावर बँक आपले शुल्क लावते, त्याला मार्कअप म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, जास्त वार्षिक शुल्काच्या कार्डांवर २ टक्क्यांच्या आसपास येतो आणि मोजक्या कार्डांवर शून्य असतो. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो फक्त मार्कअपच्या रकमेवर असतो, आपल्या संपूर्ण खरेदीवर नसतो, हे सांगणे आवश्यक आहे, कारण स्टेटमेंटमध्ये जीएसटीची ओळ वेगळी दिसली की अनेकजण घाबरतात. म्हणजे ३.५ टक्क्यांचे कार्ड प्रत्यक्षात ४.१३ टक्क्यांना पडते आणि २ टक्क्यांचे २.३६ टक्क्यांना. काही बँका हे शुल्क प्रत्येक व्यवहारात मिसळून दाखवतात, काही दोन-चार दिवसांनी स्वतंत्र ओळीत दाखवतात. आपल्या स्टेटमेंटमध्ये ते स्वतंत्र ओळींत आहे, म्हणूनच आपल्याला ते न सांगता लावलेल्या दंडासारखे वाटले असावे.

आता आपला हिशेब. हॉटेलचे ६०० युरो बाजूला ठेवले तर उरलेल्या १,५०० युरोंचे दीड लाख रुपये होतात आणि त्यावर ४.१३ टक्क्यांप्रमाणे ६,१९५ रुपये शुल्क झाले. ते आपल्या कार्डाच्या अटींप्रमाणेच आहे. खरी दुखरी जागा आहे ती हॉटेलची.

परदेशातल्या दुकानात किंवा हॉटेलात स्वाइप मशीनमध्ये कार्ड घातले की मशीन कार्ड भारतातले आहे हे ओळखते आणि पडद्यावर दोन रकमा दाखवते, वर ६०० युरो आणि खाली ६३,६०० रुपये, आणि दोहोंतील एक निवडायला सांगते. आपला ओळखीचा रुपया समोर दिसला की माणसाचा हात साहजिकच तिकडे जातो. आपल्या यजमानांनी नेमके तेच केले, आणि त्यामागचा विचार, की रक्कम आत्ताच पक्की झाली म्हणजे नंतर धक्का नको, हा कोणाही सावध माणसाला सुचेल असाच आहे. पण तो रुपयांचा आकडा नेटवर्कच्या दराने काढलेला नसतो. तो त्या मशीनमागच्या कंपनीने किंवा तेथील बँकेने स्वतःच्या दराने काढलेला असतो, आणि त्यात त्यांचा व अनेकदा हॉटेलचाही वाटा धरलेला असतो. आपल्या पावतीवर युरोचा दर नेटवर्कच्या दराच्या ६ टक्के वर आहे. म्हणजे ३,६०० रुपये तेथेच गेले.

त्यावर आपल्या बँकेने १ टक्का, म्हणजे ६३६ रुपये, आणि त्यावरचा जीएसटी ११४ रुपये लावले. रुपयांत पैसे दिले तरी हे शुल्क का, असे आपण विचारता. कारण असे की व्यवहार रुपयांत असला तरी व्यापारी परदेशातला आहे, आणि अशा व्यवहारांवर १ टक्का किंवा त्याहून जास्त शुल्क अनेक बँका आपल्या अटींत नमूद करून ठेवतात. एकूण ६४,३५० रुपये झाले. हेच बिल आपण त्याच कार्डाने युरोंत दिले असते तर ६०,००० रुपये, त्यावर २,१०० रुपये मार्कअप आणि ३७८ रुपये जीएसटी असे ६२,४७८ रुपये झाले असते. बँकेचे पूर्ण ३.५ टक्के देऊनही आपले जवळपास १,९०० रुपये वाचले असते.

म्हणून या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: परदेशात पैसे नेहमी तेथील चलनात द्यावेत. जर्मनी-ऑस्ट्रियात युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. मशीन पुढ्यात आले की आपणच आधी, ठामपणे, ‘युरो, प्लीज’ असे म्हणावे, पडदा स्वतः पाहावा आणि मगच पिन टाकावा. कित्येकदा हॉटेलातला कर्मचारी सवयीने स्वतःच रुपयांचे बटण दाबून मशीन आपल्याकडे देतो, तेव्हा सही किंवा पिन होण्याआधी नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. व्यवहार होऊन गेल्यावर पावतीवर रुपये दिसले तर तेथून हलू नये, तो रद्द करून पुन्हा युरोंत करायला सांगावे. काउंटरवर उभे असताना हे दोन मिनिटांचे काम असते आणि साताऱ्याला परतल्यावर ते जवळजवळ अशक्य होते.

एटीएमवरही हेच घडते, आणि तेथील भाषा अधिक फसवी असते. पडद्यावर दराची हमी दिल्यासारखा मजकूर येतो आणि ‘विथ कन्व्हर्जन’ व ‘विदाउट कन्व्हर्जन’ असे दोन पर्याय येतात. ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडल्याने व्यवहार रद्द होईल असे वाटते, पण तसे होत नाही. पैसे मिळतातच, फक्त रूपांतर आपल्या नेटवर्कच्या दराने होते. घरबसल्या परदेशी संकेतस्थळावर हॉटेल किंवा तिकीट आरक्षित करतानाही किंमत रुपयांत दाखवली जाते, तेव्हा शेवटच्या पानावर चलन बदलून युरो करता येते का ते पाहावे. भारतात नोंदणी असलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावर रुपयांत पैसे भरले तर हा प्रश्नच येत नाही, पण परदेशी कंपनीने रुपयांत आकारणी केली तर तोच १ टक्क्याचा भुर्दंड बसू शकतो.

रेल्वेच्या ८० युरोंचे पैसे परत आले ते परतीच्या दिवसाच्या दराने, आणि खरेदीच्या वेळी लागलेला मार्कअप व जीएसटी, म्हणजे ३३० रुपये, सहसा परत मिळत नाहीत. दरातील फरक धरून आपले सुमारे ४३० रुपये तेथे गेले. आता बेरीज करून पाहा: ६,१९५, हॉटेलच्या बिलावर जादा गेलेले ४,३५० आणि रेल्वेचे ४३० मिळून १०,९७५ रुपये होतात. यातून घेण्यासारखा एक धडा असा की हॉटेल किंवा गाडीवाला अनामत रक्कम मागतो तेव्हा ती कार्डावर केवळ अडकवून ठेवायला सांगावी, प्रत्यक्ष कापून नंतर परत देऊ देऊ नये. नुसती अडकवलेली रक्कम सोडली जाते तेव्हा रूपांतराचा खर्च येत नाही. कापून परत दिलेल्या रकमेवर मात्र मार्कअप लागतो आणि वर दरातील फरकही सोसावा लागतो.

आता पुढच्या प्रवासाचे. आपला अंदाज अडीच लाख रुपयांचा आहे. सध्याच्या कार्डाने, सगळे युरोंत आणि फ्रँकमध्ये दिले तरी, १०,३२५ रुपये शुल्क होईल. बँकेने आपल्याला २ टक्के मार्कअपचे कार्ड सुचवले आहे, त्याचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये आणि जीएसटी धरून ३,५४०. या दोन कार्डांत फरक १.७७ टक्क्यांचा आहे, म्हणजे वार्षिक शुल्क भरून निघायलाच परदेशात २ लाख रुपये खर्च व्हावे लागतात. अडीच लाखांवर आपले हाती लागतील ८८५ रुपये. माझ्या मते हे कार्ड आपल्यासाठी नाही. त्याच्या जाहिरातीतले रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरच्या विश्रांतिकक्षाची सोय यांची किंमत आपण प्रत्यक्षात वापराल तेवढीच धरावी.

आपण शून्य मार्कअपचे कार्ड पाहावे असे मला वाटते, आणि तेही वार्षिक शुल्क नसलेले. निवृत्तिवेतनावर क्रेडिट कार्ड मिळायला अडचण येते असे आपण लिहिले आहे. त्यावर उपाय असा की काही बँका मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देतात आणि त्यांपैकी काहींवर परकीय चलनाचा मार्कअप नसतो. ठेवीवर व्याज नेहमीप्रमाणे चालू राहते, फक्त कार्ड असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही. जुनी, चांगल्या व्याजाची ठेव मोडून यासाठी नवी करू नका. लेकीकडे मुक्कामात लागेल तेवढ्या खर्चाचा अंदाज घेऊन तेवढ्याच रकमेची वेगळी ठेव करावी. अर्ज करण्यापूर्वी बँकेकडून ‘सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती’ असे शीर्षक असलेले पत्रक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते देणे बंधनकारक आहे. त्यात परकीय चलन व्यवहाराचे शुल्क, परदेशी व्यापाऱ्याकडे रुपयांत केलेल्या व्यवहाराचे शुल्क आणि रोख काढण्याचे शुल्क या तीन ओळी शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. तोंडी सांगितलेल्या ‘झिरो फॉरेक्स’वर विसंबू नये. प्रवासाच्या निदान दोन महिने आधी कार्ड घ्यावे, म्हणजे येथे एक-दोन वेळा वापरून पाहता येते.

एजंट म्हणतो त्या फॉरेक्स कार्डाबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. ते वाईट नाही. दर आधीच ठरतो, आणि दराच्या चढउताराची ज्यांना धास्ती वाटते त्यांना त्याने निश्चिंती मिळते. पण त्यावर मार्कअप नाही म्हणून ते फुकट आहे, हा समज चुकीचा आहे, कारण युरो विकतानाच बँक किंवा एजंट आपला नफा दरात धरून ठेवतो. त्यावर चलन बदलून दिल्याबद्दलचा जीएसटी येतो, १ लाख रुपयांवर तो १८० रुपये होतो. कार्ड देण्याचे, पुन्हा पैसे भरण्याचे आणि उरलेले युरो परत विकण्याचे खर्च वेगळे. म्हणून एजंटला टक्केवारी विचारू नका. ‘१,००० युरो कार्डात भरून द्यायला सगळे धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?’ एवढेच विचारा आणि त्याच दिवसाच्या व्हिसाच्या दराशी ताडून पाहा. आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे ती स्वित्झर्लंडची. युरो भरलेले कार्ड तेथे फ्रँकमध्ये वापरले की एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचे शुल्क लागते, ते बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के असते. म्हणजे जे टाळायला निघालो तेच पुन्हा भरायचे. शून्य मार्कअपचे क्रेडिट कार्ड असताना मी हे कार्ड घेणार नाही.

रोख थोडी लागेलच. जर्मनीत बेकरी, लहान उपाहारगृहे आणि आठवडी बाजारात अजूनही रोखीचा व्यवहार मोठा आहे, आणि काही दुकाने फक्त तेथील स्थानिक डेबिट कार्ड घेतात. त्यासाठी येथूनच काही युरो नोटा घेऊन जाव्यात आणि गरज पडली तर डेबिट कार्डाने एकदाच पुरेशी रक्कम काढावी, कारण दर वेळच्या काढण्याला ठरावीक शुल्क असते. क्रेडिट कार्डाने रोख मात्र अजिबात काढू नये. मार्कअप तर लागतोच, वर बहुतेक बँकांत २.५ टक्के किंवा किमान ५०० रुपयांचे वेगळे शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

एक सूचना जरा संकोचाने करते. भाजीपाला, औषधे, बाळाचे सामान असा घरखर्च लेक-जावयांच्या कार्डाने झाला तर त्यावर कोणतेही रूपांतर शुल्क लागत नाही. लेकीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा आपल्या पिढीचा बाणा मी ओळखून आहे. पण लेक अनिवासी भारतीय असेल आणि तिचे येथे एनआरओ खाते, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे रुपयांतले खाते, असेल तर त्या खात्यात आपण तेवढे रुपये भेट म्हणून जमा करू शकता. आईवडिलांनी दिलेल्या भेटीवर तिला प्राप्तिकर लागत नाही. ही रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा ठरवणाऱ्या योजनेत, मोजली जाते, पण तिची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर इतकी असल्याने आपल्याला तिची अडचण नाही.

याच योजनेच्या अनुषंगाने आपण २० टक्के टीसीएसची, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची, भीती व्यक्त केली आहे. परदेशात प्रत्यक्ष जाऊन क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या योजनेत आणण्याचा निर्णय केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये घेतला होता आणि जूनअखेर तो पुढे ढकलला, त्यामुळे त्या खर्चावर टीसीएस कापला जात नाही. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम योजनेत मोजली जाते, पण एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत त्यावर टीसीएस नाही. आणि कापला गेलाच तर तो शुल्क नसतो, विवरणपत्र भरताना आपल्या करात वळता होतो.

निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावेत आणि रोजची मर्यादा बेताची ठेवावी. परत आल्यावर ते आठवणीने बंद करावेत, कारण अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. तेथे असतानाच बिलाची अंतिम तारीख येईल, तेव्हा पूर्ण रक्कम आपोआप भरली जाण्याची सूचना बँकेला देऊन ठेवा. थकबाकीवर महिन्याला ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि एका महिन्याच्या चुकीत वाचवलेले सगळे मार्कअप निघून जाते.

राहिला साल्झबर्गच्या पैशांचा प्रश्न. मशीनने पर्याय दिला होता आणि यजमानांनी तो निवडला होता, त्यामुळे हॉटेलच्या दराविरुद्ध दाद मिळणे कठीण आहे. पर्यायच दिला नसता तर बँकेमार्फत नेटवर्ककडे तक्रार करता आली असती. मात्र बँकेने लावलेले ६३६ रुपये आणि त्यावरचा जीएसटी यांबाबत एक गोष्ट करून पाहा. कार्ड घेतले तेव्हाच्या आणि आताच्या अटींच्या पत्रकात हे शुल्क लिहिलेले आहे का, आणि मधल्या काळात ते नव्याने लावले असेल तर निदान एक महिना आधी आपल्याला कळवले होते का, हे लेखी विचारावे. शुल्कात बदल करताना तशी पूर्वसूचना देणे बँकेवर बंधनकारक आहे. उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. तक्रारीसोबत हॉटेलची पावती, स्टेटमेंटचे ते पान आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागेल. पहिली दोन आपल्याकडे तयार आहेत, तेव्हा बँकेला पत्र याच आठवड्यात पाठवा.